मस्टँग, मोनारो आणि आईची बढती

परवा एक तरुण मुलगा गारखेड्याच्या माझ्या फ्लॅटवर आला. पुण्याहून, कॅमेरा घेऊन. जुन्या गाड्यांचे तो व्हिडिओ करतो म्हणे. त्याला कुठूनसं कळलं होतं की एके काळी या शहरात एकाच अंगणात एक अमेरिकन मस्टँग आणि एक ऑस्ट्रेलियन मोनारो शेजारी शेजारी उभ्या असत, आणि त्या अंगणात वाढलेली बाई अजून आहे. सोफ्यावर नीट टेकायच्या आत त्यानं विचारलं, "आंटी, फायनली दोघींत भारी कोण?" मी चहा टाकायला उठले. हा प्रश्न मला जन्मभर विचारला गेलाय. नातेवाइकांनी विचारला, बँकेतल्या सहकाऱ्यांनी विचारला. मला बघायला आलेल्या पाहुण्यांतल्या एका काकांनी तर मी काय शिकले हे विचारायच्या आधी हा प्रश्न विचारला होता, आणि उत्तर द्यायला माझ्या आधी दोन पुरुषांनी तोंड उघडलं होतं. एक माझे वडील, अण्णा, आणि दुसरा माझा मामा. माझं लग्न जमायचं तिथं जमलं नाही त्याचं खापर मी दोन्ही गाड्यांवर सारखंच फोडते.

तेव्हा गारखेडा म्हणजे शेतं होती. आमचं घर, पुढं मोठं अंगण, अंगणाच्या कडेला पत्र्याचं शेड, आणि कुंपणापलीकडं ज्वारी. अण्णांचं जालना रोडला टायर रिमोल्डिंगचं दुकान होतं. झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवून ते भट्टीत भाजायचं, असलं काम. त्यामुळं अण्णांच्या अंगाला, उशीला, अगदी त्यांनी आणलेल्या केळ्यांनासुद्धा भाजलेल्या रबराचा वास असायचा. ते सोयगावकडच्या एका खेड्यातले. शिकायला म्हणून शहरात आले, वसतिगृहात राहिले, शिक्षण अर्धवट सोडलं आणि टायरच्या धंद्यात पडले. गावात त्यांच्या वडिलांना पाटलाच्या दारावरून जाताना पायातल्या वहाणा हातात घ्याव्या लागत. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मस्टँगचं बॉनेट पुसता पुसता. "म्हणून म्या असली गाडी घेतली की जिचा आवाज आधी जातो अन् मग गाडी जाती," असं म्हणाले आणि पुन्हा फडकं मारायला लागले.   वैताग या माणसाचा एवढ्याचसाठी की त्याच्यावर धड रागावताही येत नसे.

ती मस्टँग दिल्लीतल्या कुठल्याशा वकिलातीतल्या साहेबानं मायदेशी जाताना मागं सोडलेली. लिलावात निघाली आणि टायरच्या ओळखीतून अण्णांना तिचा सुगावा लागला. ते ती दिल्लीहून स्वतः चालवत घेऊन आले. गडद हिरवा रंग, लांबच लांब नाक, मागं उतरत गेलेलं छप्पर, पोटात आठ सिलिंडरचं इंजिन. स्टेअरिंग डाव्या बाजूला. ती सुरू झाली की स्वयंपाकघरातल्या फळीवरची भांडी आपोआप वाजायला लागत. शेजारच्या बुद्धविहारात सकाळची वंदना चालू असताना अण्णांनी गाडी सुरू करायची नाही, असं तिथल्या म्हाताऱ्यांनी घरी येऊन, जयभीम घालून, अतिशय सभ्यपणानं बजावलं होतं. अण्णा त्या वेळेपुरते थांबत. शेवटची ओळ संपली रे संपली की धडधड सुरू.

एवढ्यावर भागलं असतं तर आम्ही सोसलं असतं. पण मग सुधामामा परत आला. हा आईचा धाकटा भाऊ. ऑस्ट्रेलियात रेल्वेच्या वर्कशॉपात इंजिनिअर होता, लग्नबिग्न केलं नव्हतं, आणि परदेशातून कायमचं परतताना माणसं सोनं आणतात, टेपरेकॉर्डर आणतात, यानं मोनारो आणली. नारिंगी, काळ्या पट्ट्यांची, हिचंही दोन दारांचं धूड आणि हिच्याही पोटात आठ सिलिंडर. ती मुंबईच्या बंदरातून सोडवून तो थेट आमच्या अंगणात आला, कारण दुसरीकडं जायला त्याला घर नव्हतं. अण्णा दारात उभे होते. मेव्हणा इतक्या वर्षांनी दिसतोय, त्याला मिठी मारावी, पाणी द्यावं, काही नाही. ते गाडीभोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "पाव्हणं, जरा बॉनेट उघडा." मामानं उघडलं. अण्णा आत वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले, आणि मग जे हसत वर आले ते मला अजून दिसतं. "इंजिन तर अमेरिकेचंच हाय की हो! वरची साडी तेवढी ऑस्ट्रेलियाची."

झालं. त्या वाक्यानं आमच्या घरातली पुढची सगळी जेवणं नासली.

मामा आमच्याकडंच जेवायचा. आई शाळेत शिकवून येऊन भाकऱ्या थापायची, सोबत येसराची आमटी, ठेचा, कधी धपाटे आणि दही. रविवारी मामा शहागंजाकडून नान आणि मटणाचा खलिया आणायचा. त्या घमघमाटातही पहिला घास तोंडात जायच्या आत सुरुवात व्हायची. "दाजी, गाडी देशाच्या रस्त्याला साजेशी पाहिजे. ऑस्ट्रेलियात आपल्यासारखीच धूळ, आपल्यासारखीच खडी. तुमची अमेरिकन गाडी गुळगुळीत रस्त्यावर बरी." अण्णा म्हणत, "अस्सल ते अस्सल. तुमची मागाहून निघालेली नक्कल." मामा म्हणे, माझ्या गाडीत गिअर हातानं टाकावे लागतात, चालवणाऱ्याला अक्कल लागते. अण्णा म्हणत, माझी गिअर आपोआप बदलते, म्हणजे गाडीलाच अक्कल आहे. मामा वळणावर रस्ता कोण धरून राहते ते काढायचा, अण्णा सरळ रस्त्यावर कोण पुढं पळते ते. आमटी गार व्हायची. आई मधेच म्हणायची, "भाकरी वाढू का?" आणि दोघंही तिच्याकडं न बघता ताट पुढं सरकवायचे.

आता विचार करते तेव्हा वाटतं, दोन्ही गाड्यांमधला सगळ्यात मोठा सारखेपणा त्या दोघांना कधी दिसलाच नाही. दोन्हींना दारं दोनच होती. पुढचं सीट मोडायचं, पाठ वाकवायची, डोकं आत घालायचं आणि मग उरलेलं अंग ओढून मागं न्यायचं. नऊवारी नेसणारी माझी आजी एकदा मस्टँगच्या मागच्या सीटवर बसली आणि उतरताना अशी अडकली की तिनं त्यानंतर कुठल्याच गाडीत पाऊल ठेवलं नाही. आई पाचवारी नेसायची, पण निऱ्या त्याही सुटायच्याच. जगातल्या दोन देशांनी दोन टोकांना बसून ही वाहनं बनवली आणि साडीतल्या बाईचा विचार एकालाही शिवला नाही. हे मी त्या कॅमेऱ्यावाल्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "हा हा, मस्त. पण इंजिनाचा टॉर्क?"

मस्टँगमधे आईला पुढं बसावं लागे, आणि ते मागं बसण्याहून वाईट होतं. स्टेअरिंग डावीकडं असल्यामुळं पुढच्या ट्रकच्या पलीकडलं अण्णांना काही दिसायचं नाही. उजवीकडं बसलेल्या आईनं मान बाहेर काढून बघायचं आणि सांगायचं. "येतंय का?" "येतंय." "आता?" "थांबा." "आता?" "जा." देवगिरीच्या किल्ल्यापासून वेरूळपर्यंत आम्ही कितीदा गेलो असू, पण आईनं त्या रस्त्यावर डोंगर कधी पाहिला नाही. ती फक्त समोरून येणारी वाहनं बघायची. घरी आल्यावर तिची मान दुखायची आणि मी तेल लावून द्यायची. मोनारोत ही कटकट नव्हती, उजवं स्टेअरिंग. पण मोनारोत मामा सतत बोलायचा आणि बोलताना शेजाऱ्याकडं तोंड वळवायचा.

मी दहावीत होते तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत आईला बढतीचा कागद आला. सोयगावला मुलींच्या शाळेवर मुख्याध्यापिका. इतकी वर्षं ती शहराजवळच्या एका शाळेत चौथीला शिकवत होती. तिनं तो कागद दिवसभर कुणाला दाखवला नाही. रात्रीच्या जेवणाला लाडूंचा डबा मधोमध ठेवला आणि म्हणाली, "मला सोयगावला शाळा मिळाली. मुख्याध्यापक म्हणून. सुट्टी संपली की हजर व्हायचंय."

अण्णा म्हणाले, "सोयगाव? म्हंजी अजिंठ्याचा घाट लागतो."

मामाचा घास हातात राहिला. "दाजी, लांबचा रस्ता. सरळपण हाय, घाटपण हाय."

"व्हय की," अण्णा म्हणाले.

आणि दोघांचे डोळे असे लकाकले की मला तिथंच ताट उचलून भिंतीवर मारावंसं वाटलं. ठरलं ते असं: आईला हजर करायला दोन्ही गाड्या जाणार. सिल्लोडपर्यंत आई मस्टँगमधे, तिथून पुढं मोनारोत, आणि काय तो निकाल आईनं द्यायचा. आईचं अभिनंदन करायचं राहून गेलं. माझ्याकडूनही. मी रागावण्यात इतकी गुंतले होते की मीही काही बोलले नाही. आईनं लाडवाच्या डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "सकाळची एसटी आहे. मी एसटीनं जाईन."

"दारात दोन दोन गाड्या असताना?" अण्णा दुखावून म्हणाले. "शांते, लोकं काय म्हणतील?"

हजर व्हायच्या दिवशी आई निळ्या काठांची पांढरी साडी नेसली होती. तिची लोखंडी पेटी मस्टँगच्या मागच्या सीटवर माझ्या मांडीला खेटून होती, कारण डिकीत अण्णांनी टायर आणि हत्यारं भरली होती. शहर सुटलं, फुलंब्री गेलं. मोनारो आमच्या मागं, इतकी जवळ की मला मामाचे दात दिसत होते. एका कापसाच्या ट्रकमागं आम्ही अडकलो. आई मान बाहेर काढून "थांबा, थांबा" म्हणत होती, आणि तेवढ्यात मामा मागून निघाला, आम्हाला आणि ट्रकला दोघांनाही मागं टाकून हॉर्न वाजवत पुढं गेला. अण्णांच्या मानेवरची शीर फुगलेली मला मागून दिसली.

"त्याला दिसलं. मला का नाय सांगितलं?"

"तुम्हाला सांगेपर्यंत तो गेला."

"आता येतंय का?"

"एसटी येतेय."

"लांब हाय का?"

"अहो, येतेय म्हणते ना!"

अण्णांनी गाडी बाहेर काढली. ती गाडी काय जोरात उचलायची ते मी नाकारत नाही. पाठ सीटला चिकटली. समोर लाल एसटी होती आणि ती लांब नव्हती. आई ओरडली नाही. तिनं एक हात मागं टाकून माझा गुडघा घट्ट धरला. अण्णांनी ट्रकच्या तोंडासमोरून गाडी डावीकडं घातली, ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक मारला, एसटी खणखणत बाजूनं गेली, आणि आम्ही रस्ता सोडून उतारावरून खाली, उभ्या कपाशीत. काचेवर बोंडं आपटत होती. काळ्या मातीत रुतून गाडी थांबली. इंजिन बंद पडलं आणि मी त्या गाडीत पहिल्यांदाच शांतता ऐकली.

कुणाला काही झालं नव्हतं. पेटीचा कोपरा लागून माझं कोपर सोलवटलं, तेवढंच. आई उतरली, सीट मोडून मला बाहेर काढलं, हातापायांवरून हात फिरवला. अण्णा स्टेअरिंग धरून तसेच बसले होते, तोंड पांढरंफटक. मामानं आरशात बघितलं असणार. तो गाडी उलटी पळवत आला, धावत खाली उतरला. आमच्या तिघांची तोंडं बघितली, त्याला हायसं वाटलं, आणि मग तो जे बोलला त्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही. "म्हणून मी म्हणतो दाजी, उजवं स्टेअरिंगच पाहिजे. अक्का, चल माझ्या गाडीत."

आणि अण्णा! मेल्यासारखे बसलेले अण्णा ताडकन बाहेर आले. "ब्रेक बघितले का पाव्हणं? तुमची गाडी असती तर एसटीखाली गेली असती!"

"माझी गाडी असती तर बाहेरच काढली नसती!"

कपाशीत उभे राहून ते भांडायला लागले. शेताची मालकीण, डोक्याला फडकं बांधलेली, विळा हातात घेऊन लांबून शिव्या देत येत होती. आईनं तिच्यापुढं हात जोडले, तिच्याशी दोन शब्द बोलली. मग मला म्हणाली, "पेटीची एक कडी धर." आम्ही दोघी पेटी उचलून उतार चढलो आणि रस्त्यावर आणून ठेवली. आई पेटीवर बसली. खाली त्या दोघांचे आवाज चालूच होते. आपली बायको, बहीण, वर चढून गेली हे त्यांना सोयगावची एसटी थांबल्यावर कळलं.

"अक्का! अगं, गाडी हाय ना इथं!" मामा खालून ओरडला.

आईनं वळून बघितलं नाही. कंडक्टरनं पेटी वर घेतली. "दोन सोयगाव," ती म्हणाली, आणि मला खिडकीजवळ बसवून स्वतः माझ्या शेजारी बसली. घाट उतरताना तिनं एकदाच बोट दाखवून मला खालची दरी दाखवली. "बघ, केवढं हिरवं आहे," एवढंच.

शाळेत ती वेळेवर हजर झाली. साडीला काळी माती लागली होती ती नळावर धुतली, आणि ओल्या काठानिशी मुलींसमोर उभी राहिली. संध्याकाळी शाळेजवळ राहणाऱ्या एका बाईंकडं खोली बघितली आणि तीच ठरवून टाकली. ते दोघं दिवेलागणीला पोचले. मोनारोतून. मस्टँग बैलांनी ओढून काढावी लागली होती आणि सिल्लोडला ठेवली होती. आई उसन्या स्टोव्हवर पिठलं करत होती. अण्णा उंबऱ्यात बसले. म्हणाले, "चुकलं माझं."

"काय चुकलं?" आईनं विचारलं.

अण्णांनी प्रामाणिकपणे विचार केला. मी बघत होते, ते खरंच विचार करत होते. "बाहेर काढायला अर्धा क्षण उशीर झाला," ते म्हणाले.

आईनं स्टोव्ह बंद केला. पिठलं-भाकरी दोघांना वाढली, स्वतः वाढून घेतली, आणि जेवता जेवता, आवाज न चढवता सांगून टाकलं. "मी इथंच राहणार. रोज ये-जा नाही, शनिवारी येणं नाही. नंदा माझ्याजवळ राहील, तिला इथल्या शाळेत घालते. तुम्हाला यायचं असेल तेव्हा या. एसटीनं या." मला मात्र कुणी विचारलं नाही. दहावीच्या वर्षी मला मैत्रिणींतून उचलून तालुक्याच्या गावात टाकलं, आणि मी महिनाभर आईशी धड बोलले नाही. त्या घरात एकमेकांना न विचारण्याची सवय पुरुषांपुरती नव्हती.

 मामा म्हणाला, "अक्का, घर कसं चालायचं?" आई म्हणाली, "दोन इंजिनं आहेत ना घरात. चालवा."

तिनं ती शाळा निवृत्तीपर्यंत सोडली नाही. तिच्या हाताखालून गेलेल्या मुली मला अजून भेटतात, कुणी नर्स, कुणी तलाठी, आणि त्या "बाईंची नंदा" म्हणून माझा हात हातात घेतात. गारखेड्यात ते दोघं एकमेकांसाठी करपलेल्या भाकऱ्या थापत राहिले आणि वाद घालत राहिले. मामा गेला तेव्हा मोनारो एका हौशी माणसानं नेली. त्यानंतर अण्णांनी मस्टँग सुरूच केली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "आता कुणाला दाखवायची?" पुढं ती गाडीही विकली. असल्या उत्तरांनी त्यांची माया येते आणि त्याच वेळी डोक्यात तिडीक जाते. अण्णांच्या बाबतीत मला या दोन गोष्टी कधी वेगळ्या करता आल्या नाहीत.

पण मला सांगायचा आहे तो पहिल्याच वर्षीचा, संक्रांतीनंतरचा एक रविवार. अण्णा दर रविवारी एसटीनं यायचे, धूळ झटकत, हातात पेरू नाहीतर बोरं घेऊन. जेवायचे, पडायचे, दुपारच्या गाडीनं जायचे. त्या दिवशी जेवण झाल्यावर ते पडले नाहीत. भिंतीला टेकून बसले, आणि कुणीतरी आतून ढकलल्यासारखे म्हणाले, "शांते, तुझी शाळा दाखव ना."

 आईनं खुंटीवरची किल्ली घेतली. आम्ही तिघं उन्हातून चालत गेलो. आईनं कुलूप काढलं, एकेक वर्ग उघडून दाखवला. सातवीच्या वर्गात अण्णा एका बाकावर बसले. बाक लहान, त्यांचे गुडघे वर आलेले. "हितं कोण बसती?" त्यांनी विचारलं. आईनं नाव सांगितलं. ती पोर कुठून चालत येते, तिच्या बापानं तिला दोनदा शाळेतून काढलं आणि आईनं दोनदा परत कशी आणली, ते सांगितलं. "अन् हिच्या शेजारी?" आईनं तेही सांगितलं. मग तिसरी, मग मागची रांग. ती बोलत बोलत फळ्याजवळ गेली, टेबलाला टेकली. चेहरा तापला होता, हात हलत होते. मी माझ्या आईला एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

बाहेर उन्हं कलली. दुपारची गाडी स्टँडवरून सुटल्याचा हॉर्न आला. मी अण्णांना सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्याकडं न बघता हात वर करून मला गप्प केलं, आणि आईला म्हणाले, "हां. मग त्या पोरीचं पुढं काय झालं?"